पिल्लांच्या पिसवा : मात्रा वाढवू नका, आठवडे मोजा

पावसाळा सरतो, सोयाबीनच्या राशी होतात, दिवाळीची सुट्टी लागते आणि नांदेड-लातूरच्या गल्ल्यांतून पिल्लांचे बारीक आवाज ऐकू येऊ लागतात. कडब्याच्या गंजीच्या आडोशाला, जिन्याखाली किंवा बांधकामाच्या वाळूच्या ढिगाशेजारी एखादी कुत्री व्यालेली असते. मुले गोणपाट आणून अंथरतात, कुत्रीसाठी भाकरी ठेवतात, पिल्लांना नावे देतात. आठ-पंधरा दिवसांत पिल्ले अंग खाजवू लागतात आणि मुलांच्या पायांवर लाल गांधी उठतात. "पिसवा झाल्या!" असे कोणीतरी म्हणते. मग घरातले एखादे जाणते माणूस शेतावरच्या औषधांपैकी उरलेला डबा काढून देते. "चिमूटभर टाक, सगळे साफ होईल."

हा डबा पिल्लांच्या जागेजवळ येताच कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भूतदया हे त्याचे एक कारण आहेच. पण केवळ भूतदयेच्या आधारावर मी हे म्हणत नाही. तो डबा पिल्लांना मारू शकतो आणि पिसवांना मात्र पुरता मारू शकत नाही, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. भौतिकी शिकवणाऱ्या माणसाने पिसवांत कशाला लक्ष घालावे, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण हा प्रश्न अर्धा जीवशास्त्राचा असला, तरी उरलेला अर्धा गुणोत्तराचा आणि काळाचा आहे. तो हिशेब आपण मिळून करू या.

पिसवा असतात कोठे?

आपल्याकडच्या कुत्र्यांवर सर्वांत जास्त आढळणारी पिसू ही शास्त्रीय नावाने मांजराची पिसू आहे. ती कुत्र्यांवरही तितक्याच सुखाने राहते. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. एकदा का ती जनावराच्या केसांत शिरली की सहसा तेथून हलत नाही. रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते आणि ऐन भरात दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. ही अंडी मिठाच्या कणांसारखी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. पिल्लाने अंग झटकले की ती खाली सांडतात.

म्हणजे पिल्लाच्या अंगावर पिसवा असतात, पण त्यांची पुढची पिढी असते जमिनीवर! अंड्यांतून काही दिवसांत बारीक, धाग्यासारख्या अळ्या बाहेर येतात. त्या चावत नाहीत. प्रौढ पिसवांच्या विष्ठेत सुकलेले रक्त असते, तेच त्यांचे अन्न. उजेडापासून त्या दूर पळतात. गोणपाटाखाली, भुसकटात, फरशीच्या फटीत, सावलीतल्या ओलसर मातीत शिरतात. आठवडा-दोन आठवड्यांनी प्रत्येक अळी स्वतःभोवती रेशमासारखा कोष विणते. कोष चिकट असल्याने त्याला धूळ आणि मातीचे कण बसतात, आणि तो मातीत मातीसारखाच दिसू लागतो. सर्व अवस्थांची शिरगणती केली, तर ढोबळमानाने शंभरात पाच प्रौढ पिसवा आणि पंचाण्णव अंडी, अळ्या व कोष असे प्रमाण मिळते.

पिसवा आहेत की नाहीत, हे कसे ओळखाल? बारीक दातांच्या फणीने पिल्लाचे अंग विंचरा. जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणांभोवती तांबूस वर्तुळ पसरले, तर ती साधी धूळ नव्हे; ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचे पचलेले रक्त आहे. अंगणाची तपासणी करायची असेल, तर पांढरे पायमोजे गुडघ्यापर्यंत चढवून संशयित जागेत दोन मिनिटे हळूहळू चाला. उडी मारून चिकटलेल्या पिसवा पांढऱ्यावर चटकन दिसतात. पिसू साधारण १८ सेंटिमीटर उंच उडते. वेग v असलेली वस्तू v²/२g इतकी उंच जाते, हे सूत्र तुम्हांला ठाऊक असेल. त्यावरून पिसू जमीन सोडताना सेकंदाला सुमारे १.९ मीटर वेगाने निघत असली पाहिजे, असे उत्तर येते. एवढ्याशा किड्याच्या मानाने हा वेग मोठाच म्हणायचा!

पंधरवड्यानंतरचा गैरसमज

आता औषध टाकल्यावर काय होते ते पाहू. पावडर टाकली किंवा फवारणी केली की प्रौढ पिसवा मरतात, उघड्यावरच्या अळ्याही मरतात. दोन-चार दिवस शांतता असते. मग दहा-पंधरा दिवसांनी पिसवा पुन्हा दिसू लागतात. "औषध कमी पडले," असा निष्कर्ष काढला जातो आणि दुसऱ्या वेळी दुप्पट पावडर पडते. तिसऱ्या वेळी औषधच बदलते, आणखी जहाल येते.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. या नव्या पिसवा कोषांतून आलेल्या असतात. कोषाच्या चिवट आवरणातून कीटकनाशक फारसे आत जात नाही. मात्रा दुप्पट केली तरी आतल्या पिसूला त्याचा पत्ता नसतो. शिवाय कोषातली तयार पिसू वाट पाहू शकते. परिस्थिती चांगली असेल तर ती आठवडा-दोन आठवड्यांत बाहेर पडते, नाही तर काही महिनेही आत थांबते. जमीन हादरली, वर वजन पडले, ऊब आली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पोहोचला, की यजमान जवळ आला असे समजून ती बाहेर उडी घेते. बंद घर बऱ्याच दिवसांनी उघडल्यावर पिसवा एकदम अंगावर येतात, त्याचे कारण हेच.

तेव्हा पहिल्या उपायानंतर दोन-तीन आठवड्यांनी पिसवा दिसणे हे उपाय फसल्याचे लक्षण नाही. अंडी ते प्रौढ पिसू हे चक्र अनुकूल हवेत तीन-चार आठवड्यांचे असते. ते किमान दोनदा फिरून संपेपर्यंत, म्हणजे आठ आठवडे, एकच साधा उपाय न चुकता करत राहिले पाहिजे. वाढवायची ती चिकाटी. औषधाची मात्रा नव्हे.

पाचशे ग्रॅमचे गणित

विषाचा परिणाम शरीराच्या वजनाशी जोडलेला असतो. म्हणून विषारीपणा मोजताना किलोमागे किती मिलिग्रॅम असे मोजतात. प्रयोगशाळेतील जनावरांपैकी निम्मी ज्या मात्रेने मरतात, तिला एलडी-५० म्हणतात. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. तोंडावाटे गेलेल्या विषाचा विचार करता लाल रंग म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच घातक मात्रा, पिवळा म्हणजे ५१ ते ५००, निळा म्हणजे ५०१ ते ५,००० आणि हिरवा म्हणजे त्याहून अधिक. हिरवा रंगही "निर्धोक" असे सांगत नाही. "कमी विषारी" एवढेच सांगतो.

तीन-चार आठवड्यांचे गावठी पिल्लू अर्धा किलोच्या आगेमागे भरते असे समजा. लाल चौकोनाच्या औषधाची वरची मर्यादा धरली, तरी या पिल्लासाठी ती २५ मिलिग्रॅम होते. तांदळाचा एक दाणा साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. आणि "चिमूटभर" म्हणजे किती? चिमटीत तांदळाचे किती दाणे मावतात, ते स्वतः मोजून पाहा. पिल्लू त्या जागेत लोळते, नाक जमिनीलगत ठेवून झोपते, आपले अंग चाटते. त्याची आई त्याला चाटते आणि ते आईला पिते.

येथे भूमितीही पिल्लाच्या विरुद्ध जाते. १६ किलोच्या मोठ्या कुत्र्याचे वजन पिल्लाच्या ३२ पट असते. पण आकार सारखाच मानला, तर पृष्ठफळ ३२ पट न होता सुमारे १० पटच होते. कारण वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि पृष्ठफळ वर्गाच्या प्रमाणात. याचा अर्थ, दर किलो वजनामागे पिल्लाची कातडी मोठ्या कुत्र्याच्या तिप्पट असते. कातडीतून आत शिरणारे विषही त्याच हिशेबाने जास्त. मोठ्या कुत्र्याला चालले म्हणून पिल्लाला चालेल, या बोलण्यात म्हणूनच अर्थ नाही.

मोठी माणसेसुद्धा या औषधांपुढे टिकत नाहीत, हे आपल्या शेजारीच दिसले आहे. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. शिवाय कोपऱ्यातला जुना डबा कशाचा आहे हे अनेकदा घरात कोणालाच ठाऊक नसते. बीएचसी पावडरीवर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. फोरेट या दाणेदार औषधावर २०२० च्या अखेरीपासून. अशा डब्याला तुम्ही हात लावू नये; घरच्या मोठ्या माणसांना सांगून कृषी खात्याच्या लोकांना विचारावे.

मग पिसवा राहू द्यायच्या का?

मुळीच नाही. येथेही हिशेबच करू. एक मादी पिसू दिवसाला सुमारे १३.६ मायक्रोलिटर रक्त पिते. म्हणजे ७२ मादी पिसवा मिळून दिवसाला जवळजवळ एक मिलिलिटर रक्त काढतात. अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या अंगात सगळे मिळून रक्त सुमारे ४० मिलिलिटर! अशा १४४ पिसवा असतील, तर रोज वीस भागांतला एक भाग रक्त जाते. लहान पिल्ले केवळ पिसवांमुळे रक्तक्षय होऊन मरतात, ती अशी. पिल्लाच्या हिरड्या गुलाबी न दिसता पांढुरक्या दिसल्या, ते मलूल पडले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे गेले पाहिजे. त्यामुळे "निसर्ग पाहून घेईल" म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. उपाय हवाच, तो पिसवांचे राहण्याचे ठिकाण ओळखून केलेला हवा.

पिसवांच्या अळ्यांना दोन गोष्टी सोसत नाहीत : कोरडेपणा आणि उष्णता. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली किंवा तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की त्या तग धरत नाहीत. आता सांगा, मराठवाड्यात कोरडी हवा आणि ऊन यांची कधी वाण पडली आहे का? पिसवा वाढतात त्या आपण त्यांना आयती सावली आणि ओल देतो म्हणून : मोरीच्या पाण्याची गळती, ढीग लावलेले भुसकट, महिनोन्‌महिने न हलवलेले गोणपाट.

तेव्हा क्रम असा ठेवा. पिल्लांची जागा सकाळचे ऊन येईल आणि दुपारी सावली मिळेल अशी निवडा. पिल्लांना स्वतःला कडक उन्हात ठेवायचे नाही. भोवतीचे भुसकट, पाचोळा, फुटक्या विटा दूर करा. पाण्याची गळती थांबवा. दोन गोणपाट ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी एक काढून वस्तीपासून दूर, उघड्या जागी झटका आणि दिवसभर कडक उन्हात उलटसुलट करून वाळवा. तोवर दुसरा वापरा. जागा रोज झाडा, फटींतूनही झाडा, आणि केर साबणाच्या पाण्यात टाका. भिंतीच्या भेगा लिंपून किंवा सिमेंटने बुजवून टाका. त्याने गोचिडांचाही बंदोबस्त होतो, कारण कुत्र्याच्या अंगावरून उतरलेली गोचिडीण अशाच भेगांत हजारो अंडी घालते. या सर्वांना पाणी किती लागते? जवळजवळ नाहीच. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

पिल्लांच्या अंगासाठी उत्तम हत्यार म्हणजे उवांची बारीक फणी, अर्थात त्यांची स्वतंत्र. दिवसातून दोनदा विंचरा, विशेषतः मान आणि शेपटीचे बूड. निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि पिसू तरंगून निसटण्याऐवजी बुडते. नखांनी चिरडू नका. कुत्र्यांच्या एका पट्टकृमीचा प्रसार पिसू पोटात गेल्याने होतो, आणि तो माणसाच्या मुलांनाही होऊ शकतो. हात साबणाने धुवा. अगदी लहान पिल्लांना आंघोळ घालू नका. दर किलोमागे कातडी तिप्पट असल्यामुळे त्यांची उष्णताही भराभर निघून जाते, आणि पहिल्या काही आठवड्यांत त्यांना आपले तापमान नीट राखता येत नाही. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट. रॉकेल, जळके ऑइल, डांबराच्या गोळ्या, तंबाखूचे पाणी, कळीचा चुना, लसूण हे "घरगुती" उपाय पिल्लांना अपायकारक आहेत. कडुनिंबाचा धूरसुद्धा पिल्लांच्या फुप्फुसांना धूरच असतो. वनस्पतीपासून मिळाले म्हणून विष सौम्य होत नाही. तंबाखूतले निकोटिन हे त्याचे ठळक उदाहरण.

औषधाला माझा विरोध नाही. अंदाजाने टाकलेल्या औषधाला आहे. पिसवांवरची पशुवैद्यकीय औषधे वजन आणि वय पाहून दिली, तर उपयोगी असतात. बहुतेकांच्या वेष्टनावर किमान वय दिलेले असते, पुष्कळदा सात-आठ आठवडे. त्याहून लहान पिल्लांच्या बाबतीत उपचार बहुधा आईवर करावा लागतो, आणि ती दूध पाजत आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे लागते. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते. ते मांजराला लावले तर मांजर मरू शकते; म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला नको. अंगणात फवारणी करण्याची वेळ आलीच, तर त्याच कामासाठी असलेले औषध, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात, मोठ्या माणसाने फवारावे. पिल्ले व भांडी आधी हलवावीत आणि जागा पूर्ण वाळल्याशिवाय परत आणू नयेत. सल्ला दूर नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आपल्याकडे तालुक्यातालुक्यांत आहेत. उदगीर आणि परभणी येथे तर पशुवैद्यकीय महाविद्यालयेच आहेत.

प्लेगची भीती

"पिसू म्हणजे प्लेग, तेव्हा जहाल औषध हवेच," असे वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांची आठवण खरी आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावी पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर मरून पडले आणि गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. भूकंपानंतर सोडलेल्या घरांत धान्य राहिले आणि उंदीर वाढले, असे त्याचे एक स्पष्टीकरण तेव्हा पुढे आले होते. पण प्लेगचा मुख्य वाहक उंदरावरची पिसू असते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने उंदीर-पिसू-उंदीर हा मार्ग १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवला. तेव्हा गावात उंदीर पटापट मरू लागले, तर त्यांना हात न लावता ताबडतोब आरोग्य केंद्रात कळवायचे. ते काम प्रशिक्षित माणसांचे आहे. जिन्याखालच्या चार पिल्लांवर पावडर टाकून प्लेग टळत नाही.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या आवारात कुत्री व्याली, की शिपायाला औषध टाकायला सांगण्याऐवजी विज्ञान मंडळाला आठ आठवड्यांचे काम द्या. कुत्री पिल्लांजवळ चावू शकते, म्हणून पिल्लांना हाताळणे मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच होऊ द्या. कोणालाही चावा बसला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. विद्यार्थ्यांनी दर रविवारी फणीत आलेल्या आणि पायमोज्यांवर चढलेल्या पिसवा मोजाव्यात. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर संख्या असा आलेख काढावा. उन्हातली जागा आणि सावलीतली जागा यांचे वेगळे आलेख काढले, तर अधिकच चांगले. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रेषा पुन्हा वर चढलेली कदाचित दिसेल. ते कोष फुटल्याचे चिन्ह आहे. तेथे घाबरून डब्याकडे धावायचे नाही, झाडणे, वाळवणे आणि विंचरणे चालू ठेवायचे. आठव्या आठवड्याचा आलेख मंडळाच्या फलकावर लावा, आणि त्याखाली पिल्लांची वजनेही लिहा.